खानापूरच्या मातीपासून डिझाइनच्या स्टुडिओपर्यंत: त्रिमितीय डिझाइन आणि हस्तकला शिकण्याची तयारी

दिवाळीच्या आधी बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांतून फिरलात तर पोरं चिखलात कोपरापर्यंत हात घालून किल्ले बांधताना दिसतात. बुरुज ढासळतो म्हणून कुणी आत काड्या खोचतं, तर कुणी राजहंसगडाचा फोटो मोबाइलवर मोठा करून तटबंदीचं वळण बघतं. मावळ्यांची उंची आणि दरवाजाची उंची जुळत नाही यावर भांडणं होतात. प्रमाण, आधार, वजन, पृष्ठभाग हे सगळे प्रश्न इथे आठ-दहा वर्षांची मुलं सोडवत असतात. पुढे दहावी होते, पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स की कॉमर्स एवढाच प्रश्न उरतो आणि ते हात वहीवर येऊन थांबतात.

मी खानापूर तालुक्यातली. वडील बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीसाठी, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यासाठी, लाकडी पॅटर्न करायचे. पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना. मी सिरॅमिक डिझाइन शिकले आणि आता दरवर्षी सीमाभागातल्या काही मुलामुलींना प्रवेशाच्या तयारीत मदत करते. पालक मला बहुतेक एकच प्रश्न विचारतात: "हिला हातानं वस्तू करायला आवडतात, पण त्यात शिक्षण असतंय काय वो?" असतं, आणि विद्यापीठाची पदवी मिळेपर्यंतचं असतं. तयारी कशी करायची ते मी इथे क्रमाने लिहिते आहे. पीयूसी पहिल्या वर्षाची परीक्षा संपल्याच्या आठवड्यात सुरुवात केली, तर प्रवेश परीक्षेपर्यंत साधारण नऊ-दहा महिने मिळतात.

आधी विषय ओळखा

त्रिमितीय डिझाइन आणि हस्तकला म्हणजे हातात धरता येणाऱ्या, वापरता येणाऱ्या किंवा जिच्याभोवती फिरता येतं अशा वस्तूचा विचार करणं आणि ती प्रत्यक्ष घडवणं. माती, लाकूड, धातू, चामडं, काच, बांबू, प्लास्टिक ही त्याची भाषा. इंग्लंडमध्ये ब्रायटनसारख्या विद्यापीठात अगदी याच नावाची पदवी दिली जात आली आहे. आपल्याकडे हे नाव सहसा सापडणार नाही. तोच अभ्यास प्रॉडक्ट डिझाइन, सिरॅमिक आणि ग्लास डिझाइन, फर्निचर डिझाइन, अॅक्सेसरी डिझाइन, लेदर डिझाइन, शिल्पकला अशा वेगवेगळ्या पाट्यांखाली विभागलेला आहे. म्हणून संकेतस्थळावर शोधताना एकाच शब्दावर अडून राहू नका.

फरक समजायला एक तांब्या घ्या. प्रॉडक्ट डिझाइनचा विद्यार्थी विचारेल, तो कोण वापरतं, कसा उचलतं, हजार नग कसे करायचे. हस्तकलेच्या अंगाने शिकणारा विचारेल, पत्रा कुठे ताणला गेला, ठोक्यांच्या खुणा ठेवायच्या की पुसायच्या. शिल्पकलेचा विद्यार्थी कदाचित तांब्याचा तांब्यापणाच काढून टाकेल. तुम्हाला यातला कुठला प्रश्न आपोआप पडतो? ते कळायला महिना लागला तरी चालेल. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी या साध्या लोट्याकडेच बोट दाखवून त्याचा आकार, तोल, तोंड, डोक्यावर किंवा कमरेवर नेण्याची सोय यांबद्दल प्रश्नांची रांग लावली होती. त्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, सुरू झाली. पहिला स्वाध्याय म्हणून घरातल्या तांब्याबद्दल तुमचे स्वतःचे तीस प्रश्न लिहून काढा. पंधरानंतर अडाल. तिथून पुढचे प्रश्न खरे तुमचे असतील.

घराजवळचे चार महिने

बहुतेक मुलं इथे चूक करतात. पहिल्याच आठवड्यात पुण्या-बेंगळुरूच्या क्लासची चौकशी सुरू होते, घरातले पैसे तिकडे जातात, आणि सहा महिन्यांनी मुलगी एकसारखी रंगवलेली चित्रं घेऊन परत येते. क्लास वाईट नसतो. पण वस्तूचं शिक्षण साहित्यापासून सुरू होतं, आणि साहित्याच्या बाबतीत आपला भाग श्रीमंत आहे. खानापूरला माती आणि कौलांची परंपरा आहे, खादी आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूट तिथेच आहे. बेळगावात फौंड्री आहेत, अथणी-निपाणीकडे चपला होतात, गोकाकला लाकडाची रंगीत खेळणी आणि फळं. बिदरच्या वाचकांच्या दारात बिदरीकाम, म्हणजे काळ्या धातूवरचं चांदीचं जडावकाम, आहे. तयारीचे पहिले चार महिने या लोकांजवळ घालवा, असं मी प्रत्येकाला सांगते.

*माती.* कुंभाराकडे जाऊन "मला मडकं शिकवा" म्हणू नका. चाकावर हात बसायला वर्षं जातात. आधी माती समजून घ्या. पाच किलो माती आणा, खडे काढा, भिजवा, हवेचे बुडबुडे जाईपर्यंत मळा. तिच्या सारख्या जाडीच्या सहा पट्ट्या करा आणि ओल्या असतानाच प्रत्येकीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर मोजा, भाजल्यावर पुन्हा मोजा. रेघ ९.२ झाली तर तुमची माती ८ टक्के आटते. बहुतेक माती ओलीपासून भाजेपर्यंत साधारण ८ ते १२ टक्के आटते. आता गणित करा: ९ सेंटिमीटर उंचीचा पेला हवा आहे आणि माती १० टक्के आटते, तर ओला पेला १० सेंटिमीटरचा करावा लागेल. सहापैकी तीन पट्ट्यांच्या मातीत आधीच विटांचा बारीक चुरा मिसळून बघा, आटणं कमी झालेलं दिसेल आणि तडेही कमी पडतील. हा सहा पट्ट्यांचा फोटो आणि मापांचा तक्ता पोर्टफोलिओत, म्हणजे प्रवेशाच्या वेळी दाखवायच्या कामांच्या संग्रहात, गेला, तर तो दहा गुळगुळीत फुलदाण्यांपेक्षा जास्त बोलतो.

सुकवताना घाई नको. खानापूरचा पाऊस आठवा. जून ते सप्टेंबर तिथे काहीच लवकर वाळत नाही, आणि ते मातीसाठी चांगलंच. वस्तूचा काठ आधी वाळला आणि बूड ओलं राहिलं की दोन्ही वेगवेगळ्या वेगाने आटतात आणि मध्ये तडा जातो. म्हणून काठावर प्लास्टिक झाका आणि बूड उघडं ठेवा. भट्टीत पहिला धोका १०० अंशांच्या आसपास असतो: आत उरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वस्तू फुटते. दुसरा ५७३ अंशांना. मातीतल्या वाळूचे स्फटिक या तापमानाला एकदम रूप बदलतात आणि आकारमान वाढतं, म्हणून तिथून चढताना आणि विशेषतः उतरताना भट्टी हळू न्यावी लागते. मी पहिल्या वर्षी घाईने भट्टी उघडली आणि अकरापैकी सात ताटल्या चिरल्या. त्यांचे तुकडे मी ठेवले आहेत. तड्याची कड धारदार असेल तर तो भट्टी थंड होताना पडलेला, बोथट असेल तर तापताना. हे मला त्या तुकड्यांनी शिकवलं. आमच्या शेजारचे कुंभारमामा आकडे सांगत नसत. आव्याच्या, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीच्या, धुराचा रंग बघून म्हणायचे, "अजून पाणी निघूलालंय, थांब की." आकड्यांचं आणि त्यांचं म्हणणं एकच होतं.

*मूर्ती.* श्रावणात बेळगावातल्या कुठल्याही मूर्तिशाळेत महिनाभर हाताखाली काम करायला मिळालं तर सोडू नका. मोठ्या मूर्तीचा सांगाडा वजन कसं घेतो, साच्याचे भाग कुठे तोडायचे म्हणजे हात-सोंड अडकणार नाही, शाडू आणि प्लास्टर यांत काय फरक पडतो, हे तिथे रोज दिसतं. शिवजयंतीच्या मिरवणुकीचे चित्ररथ उभारणाऱ्या मंडळींकडेही असंच शिकायला मिळतं, कारण तिथे हलत्या ट्रॅक्टरवर बारा फुटांचा बुरुज उभा ठेवायचा असतो. एक काळजी घ्या. प्लास्टर घट्ट होताना तापतं, त्यात हात बुडवून ठेवला तर गंभीर भाजतं. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, पाइप कायमचा बुजतो.

*धातू.* उद्यमबाग, मच्छे या भागात ओळखीने एखाद्या पॅटर्न शॉपमध्ये आठवडाभर बसता आलं तर बसा. ओतकाम बघायला सगळ्यांना आवडतं, वितळलेल्या बिडाचा रंगच तसा असतो, पण डिझाइनचं शिक्षण पॅटर्नमध्ये आहे. वडिलांच्या पेटीत एक पट्टी असायची, तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा जरासा मोठा. लहानपणी मला ती चुकीची छापलेली वाटायची. ती आटण्याचा हिशेब धरून केलेली पट्टी होती: बीड थंड होताना मीटरला सुमारे १० मिलिमीटर आटतं, अॅल्युमिनियम सुमारे १३, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. माती असो की धातू, प्रश्न तोच. शिवाय पॅटर्नच्या उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो, नाहीतर तो वाळूतून वर काढताना साच्याची भिंत मोडते. हे कळलं की घरातली बादली, कुंडी, इडलीपात्र, बर्फाचा ट्रे तोंडाशी रुंद आणि तळाशी अरुंद का, याचं उत्तर आपोआप मिळतं. परीक्षेत "ही वस्तू कशी बनवली असेल" अशा प्रश्नाला मुलं अंदाज करतात. पॅटर्न शॉपमध्ये बसलेल्या मुलीला अंदाज करावा लागत नाही. तिथे जाताना मात्र बंद बूट, सुती कपडे, बांधलेले केस आणि चष्मा. भट्टीजवळ ओढणी नको.

*चामडं.* कोल्हापुरी चपलेचा भौगोलिक निर्देशांक (जीआय, म्हणजे मूळ भागाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण) एकट्या कोल्हापूरचा नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो एकत्र आहे. अथणीच्या कारागिराकडे बसलात तर बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं चामडं कसं वागतं ते बघा. ओलं केलं की साच्यावर बसतं, वाळलं की तो आकार धरून ठेवतं. खिळा नसतो, शिलाईही चामड्याच्याच वादीची. रापी (चामडं कापायचं पातं) कशी धरतात, टाचेचे थर कसे बसवतात, बाजूचे कान कशासाठी, हे विचारा आणि रेखाटा. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, आधी या परंपरेचं नाव न घेता. टीका झाल्यावर त्या भारतीय हस्तकलेवरून प्रेरित असल्याचं कंपनीने मान्य केलं. तुम्ही विद्यार्थी म्हणून कारागिराकडे जाता तेव्हा हाच प्रश्न छोट्या रूपात तुमच्यापुढेही असतो. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, फोटो काढण्याआधी विचारा, आणि पोर्टफोलिओत त्यांच्या परवानगीने त्यांचं नाव व गाव लिहा. मुलाखतीत "हे तुम्हीच केलं का" असं विचारलं जातं. "पट्टा मी विणला, तळ त्यांनी शिवला" हे उत्तर सगळ्यात चांगलं.

*लाकूड.* ओळखीच्या सुताराकडून रंधा, पटाशी, करवत आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) एवढ्यांचा वापर शिका. एकच काम करा: एका चौकटीचे चार कोपरे चार वेगवेगळ्या सांध्यांनी जोडा, त्यातला एक तरी कुसू आणि खाचेचा (एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसणारा) असू द्या, आणि खिळा वापरू नका. कोपरे काटकोनात आले का ते दोन्ही कर्ण मोजून तपासा. पहिली चौकट डळमळणार. ती टाकू नका.

कागदावर उतरवणं

हात चालू लागले की चित्र काढणं सोपं होतं, कारण आता तुम्हाला वस्तूच्या आत काय आहे ते माहीत असतं. चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल किंवा कर्नाटकची लोअर-हायर दिली असेल, तर पाया आहेच. पण तिथली छायाप्रकाशाची सवय इथे पुरत नाही. इथे रेषा लागते, आणि ती वस्तू समजावून सांगणारी हवी.

स्वयंपाकघरातला सोऱ्या घ्या. चकलीचा, फिरवायच्या दांड्याचा. तो सगळा सुटा करून प्रत्येक भाग जिथून निघतो त्याच रेषेवर थोडा दूर ठेवल्यासारखा काढा: दांडा, आट्यांचा स्क्रू, दट्ट्या, नळी, चकती, झाकण. मग समोरून, वरून, बाजूने अशी तीन चित्रं एकाच मापाने. मग मधून कापल्यासारखा उभा छेद. शेवटी तो वापरणारे हात. सोऱ्यानंतर विळी, कंदील, कुलूप, सायकलचा ब्रेक, पंप स्टोव्ह. रोज एक वस्तू आणि चाळीस मिनिटं. खोडरबर वापरू नका, चुकलेली रेषा तशीच ठेवून शेजारी बरोबर ओढा.

याच काळात कागदाचे आणि पुठ्ठ्याचे नमुने करायला घ्या. जाड कागद, कटर, लोखंडी पट्टी, फेव्हिकॉल, तार, दोरा, आइस्क्रीमच्या काड्या एवढंच साहित्य. दर आठवड्याला एक विषय, दोन तासांची मर्यादा. "पावसात भाजी विकणारीचं छप्पर" असा विषय घ्या, पण आधी शनिवारी मार्केटमध्ये जाऊन तिचं आत्ताचं छप्पर बघून या. पाणी कुठे साठतं, पाठीमागून गिऱ्हाईक कसं वाकतं ते लिहून घ्या. नमुन्यात एक माणूस त्याच प्रमाणात कापून उभा करा, म्हणजे वस्तू केवढी आहे ते कळतं.

कुठे शिकायचं

एनआयडी अहमदाबादला पदवीच्या पातळीवर सिरॅमिक आणि ग्लास, फर्निचर आणि इंटिरियर, प्रॉडक्ट असे विभाग आहेत. आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश आणि आसाममधल्या एनआयडीही आहेत. बेंगळुरूच्या एनआयडीत पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात, त्यामुळे बारावीनंतर तिथे जाता येईल असं समजू नका. हा घोटाळा मी अनेकदा पाहिला आहे. मुंबई आयआयटीतली डिझाइनची शाखा आयडीसी १९६९ पासून आहे, तिथे बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी, आहे. गुवाहाटी, हैदराबाद, दिल्ली आयआयटीतही आहे. यांचा कल उत्पादन आणि तंत्राकडे जास्त.

ज्यांना हस्तकलेच्या मुळाशी राहायचं आहे त्यांनी जयपूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्राफ्ट्स अँड डिझाइन नीट पाहावी. तिथली विभागणीच साहित्यावर आहे: लाकूड-धातू-दगडासारखं कठीण साहित्य, कापड-चामड्यासारखं मऊ साहित्य, आणि भट्टीत भाजलं जाणारं साहित्य. आपल्या भागातल्या मुलांना ही मांडणी लगेच आपलीशी वाटते. निफ्टमध्ये, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत, अॅक्सेसरी आणि लेदर डिझाइन आहे, आणि विद्यार्थ्यांना कारागिरांच्या गावी पाठवण्याची तिथली पद्धत उपयोगी आहे.

शिल्प आणि कलेच्या अंगाने जायचं तर मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय, स्थापना १८५७. शिल्पकलेबरोबर सिरॅमिक आणि धातुकाम हे विभाग तिथे पूर्वीपासून आहेत. २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा प्रवेशाची पद्धत जुन्या ओळखीच्यांना विचारू नका, संस्थेच्या चालू वर्षाच्या सूचनेत वाचा. बडोद्याची ललित कला शाखा आणि शांतिनिकेतनचं कलाभवन ही दोन्ही फार मोठ्या परंपरेची ठिकाणं. कर्नाटकात म्हैसूरचं चामराजेंद्र दृश्यकला महाविद्यालय आणि बेंगळुरूची चित्रकला परिषद. जवळ राहायचं असेल तर कोल्हापूरचं कलानिकेतन आणि दळवीज आहेत, तिथे त्या वर्षी त्रिमितीय कामाचे कोणते विभाग चालू आहेत ते प्रत्यक्ष जाऊन बघा.

दहावीनंतर लगेच हात यंत्रावर ठेवायचा असेल, तर बेळगावातलं शासकीय टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे जीटीटीसी. तिथला डिप्लोमा डिझाइनचा नाही, पण साचे आणि डाय यांचं ज्ञान पक्कं होतं. तिथून पुढे डिझाइनकडे वळलेला माणूस कारखान्यात कुणापुढे गोंधळत नाही.

संस्था निवडताना माहितीपत्रकातल्या इमारतीच्या फोटोंकडे बघून काही कळत नाही. शक्य असेल तर प्रवेशाआधी जाऊन या आणि वर्कशॉप दाखवा म्हणा. भट्ट्या किती, विद्यार्थी किती, संध्याकाळी सहानंतर वर्कशॉप उघडं असतं का, मदतीला कसलेला कारागीर आहे का, साहित्याचा खर्च फीमध्ये आहे की वेगळा. यंत्रांवर धूळ आणि जमिनीवर स्वच्छता असेल तर तिथे काम होत नाही.

परीक्षा

एनआयडी, निफ्ट आणि आयआयटीच्या बी.डेस.ची प्रवेश परीक्षा यूसीड, या तिन्हींचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पुढे निघतात आणि परीक्षा डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान होतात. पीयूसीची वार्षिक परीक्षा त्याच्या पाठोपाठ येते, म्हणून अभ्यासाचा मुख्य भाग दिवाळीपूर्वी उरकायला हवा. कोणत्याही शाखेतून बारावी केलेल्यांना या तिन्हींकडे वाट आहे. वयाची अट आणि यूसीडला लागोपाठ दोनच वर्षं बसता येतं ही अट लक्षात ठेवा.

यूसीडचा एक भाग संगणकावर, दुसरा हाताने काढायचा. संगणकाच्या भागात आकार फिरवून, उलगडून, कापून ओळखायचे प्रश्न बरेच असतात. कागदाचे घन स्वतः उलगडून पाहिलेल्या मुलांना ते जड जात नाहीत. निफ्टच्या सिच्युएशन टेस्टमध्ये दिलेल्या साहित्यातून ठरावीक वेळेत वस्तू करायची असते, आणि एनआयडीच्या मुख्य परीक्षेतही साहित्य हाताळावं लागतं. तिथे पहिली पंधरा मिनिटं काहीही कापू नका. साहित्य वाकवून, पिळून, घडी घालून बघा. पुठ्ठा एका दिशेने सहज वाकतो आणि दुसऱ्या दिशेने मोडतो, हे कापायच्या आधी कळलेलं बरं.

भाषेबद्दल सरळ सांगते. यूसीड इंग्रजीत असते. एनआयडी आणि निफ्टला हिंदीचाही पर्याय असतो. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते आणि ती मी नाकारत नाही, माझीही तीच अवस्था होती. त्यावर एक उपाय चालतो. रोज काढलेल्या वस्तूखाली पाच वाक्यं आधी मराठीत लिहा, मग साध्या इंग्रजीत. सहा महिन्यांत त्या वस्तूबद्दल तुम्ही इंग्रजीत दहा मिनिटं बोलू शकता. मुलाखतीत तेवढंच लागतं, आणि अडलात तर हिंदीत बोलते म्हणून सांगायला काहीच हरकत नाही.

पोर्टफोलिओ

सगळ्या प्रवेशांना तो लागत नाही, पण मुलाखतीला असलेला बरा. बारा ते पंधरा पानं पुरतात. पहिल्या पानावर तुमचं सगळ्यात चांगलं काम ठेवा. प्रत्येक कामाबरोबर सुरुवातीची रेखाटनं, मोडलेला नमुना, मापं आणि शेवटची वस्तू. फोटो दुपारी खिडकीजवळ, मागे साधी चादर, फ्लॅश बंद. प्रत्येक फोटोत एकदा तरी हात किंवा पट्टी दिसू द्या. फुलदाणीत खोटी फुलं घालू नका. चिरलेल्या ताटल्यांचा फोटो माझ्या पोर्टफोलिओत होता आणि मुलाखतीतला अर्ध्याहून जास्त वेळ त्या एकाच पानावर गेला.

परदेशी अर्ज करणाऱ्यांसाठी: इंग्लंडमधली पदवी सहसा तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार, आणि बरेच विद्यार्थी त्याआधी एक वर्षाचा फाउंडेशन कोर्स करतात. तिथे पोर्टफोलिओ आणि स्वतःबद्दलचं लेखन यांना मोठं वजन असतं. आपल्या मातीतलं काम नेमकं तिथे वेगळं उठून दिसतं.

दाखले आणि पैसे

हा भाग रूक्ष आहे, पण आपल्या भागात मुलांचं वर्ष इथेच वाया जातं. केंद्रीय संस्थांना जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. कर्नाटकातले २ए, ३ए, ३बी हे प्रवर्ग राज्याचे आहेत, त्यातली प्रत्येक जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेलच असं नाही. अर्ज भरण्याआधी केंद्राच्या यादीतलं कर्नाटकाचं पान उघडून आपल्या जातीचं नाव शोधा आणि मगच प्रवर्ग भरा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेत, आधारवर आणि दाखल्यावर एकच आहे ना ते आत्ता बघा. आडनाव आधी की शेवटी यावरूनही अर्ज अडतात.

महाराष्ट्रातल्या राज्य पातळीवरच्या प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी उमेदवारीचा वेगळा प्रकार ठेवलेला असतो. अभियांत्रिकीच्या माहितीपुस्तिकेत तो स्पष्ट दिलेला असतो: ८६५ गावांपैकी गावचे रहिवासी असल्याचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, दोन्ही ठरलेल्या नमुन्यात. कलेच्या अभ्यासक्रमाला जाताना त्या वर्षीच्या पुस्तिकेत हा प्रकार कसा लिहिला आहे ते स्वतः वाचा, आणि हे दोन्ही दाखले एप्रिल-मेमध्येच काढायला टाका.

पैशांसाठी कर्नाटकचं राज्य शिष्यवृत्ती पोर्टल (एसएसपी) आणि केंद्राचं राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल ही दोन्ही पाहा. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही. फी आणि वसतिगृह यांच्या शेजारी साहित्याचा खर्च वेगळा मांडा, तो दरमहा होतो आणि पालकांना त्याची कल्पना नसते.

पहिले सहा महिने

पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी सगळ्यांना एकत्र पायाभूत शिक्षण असतं: रेखाटन, रंग, आकार, साहित्य. विभाग नंतर मिळतो. ज्युरी नावाचा प्रकार नवा वाटेल. तुमचं काम भिंतीवर किंवा टेबलावर ठेवून शिक्षक सगळ्यांसमोर त्याबद्दल बोलतात. पहिल्यांदा रडू येतं. त्यांचं बोलणं शब्दशः वहीत उतरवा आणि दोन दिवसांनी वाचा, तेव्हा त्यातलं कामाचं काय ते दिसतं.

सोबत नेण्याच्या सामानात स्वतःची लोखंडी पट्टी, गुण्या, दोन चांगल्या पटाश्या, कटर, सुती अॅप्रन आणि धुळीसाठी मास्क असू द्या. वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून स्टुडिओ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि दोन किलो घरची माती न्या. ती इथेच वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीतून चाळून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत भरा. ओली नेलीत तर त्यात बरंच पाणीच वाहून न्याल. तिथल्या भट्टीत तिच्या पट्ट्या आधी ९०० अंशांना, मग १०००, मग ११०० ला भाजा. खानापूरची लाल माती वर जाईल तशी गडद तपकिरी होत जाते आणि एका टप्प्यावर वाकायला लागते. तो आकडा वहीत पहिल्या पानावर लिहा. शेवटची पट्टी विटेच्या तुकड्यावर ठेवूनच भाजा, म्हणजे ती वितळली तरी भट्टीची फळी खराब होणार नाही.